लिंक दाबली, पण पत्र गेलंच नाही!



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, "सर, हे काय घेऊन बसलात? हे तर कॉम्प्युटरवाल्याचं काम." मलाही आधी तसंच वाटायचं. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या विसरवाडी भागातल्या एका पालकाच्या बाबतीत जे घडलं, ते पाहून माझं मत बदललं. म्हणून हा लेख.

हे पालक दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. अकरावीच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरला, पण त्यात आडनावाचं एक अक्षर चुकलं. दाखल्यावर एक, फॉर्मवर दुसरं. संस्थेच्या पानावर खाली निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'माहितीत दुरुस्ती असल्यास येथे ई-मेल करा.' त्यांनी मोबाईलवर त्या निळ्या अक्षरांवर बोट दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मग बाजाराच्या दिवशी कॅफेत जाऊन कॉम्प्युटरवर दाबलं. तिथंही स्क्रीन जशीच्या तशी.

आता इथं थांबा आणि विचार करा. तुम्ही असता तर काय समजला असता? त्यांना वाटलं, दाबलं म्हणजे तक्रार गेली. फोनवर 'लाइक' दाबतो, पैसे पाठवायचं बटण दाबतो, तसंच हे. आठ दिवस ते उत्तराची वाट बघत बसले. नवव्या दिवशी शाळेत आले आणि म्हणाले, "सर, मेल तर केला, पण तिकडून काहीच उत्तर नाही."

मी त्यांचा फोन हातात घेतला. मेल गेलाच नव्हता. जाणार कसा? तो लिहिलाच गेला नव्हता.

आम्ही तिथंच बसून पत्ता शोधला, चार ओळी लिहिल्या, दाखल्याचा फोटो जोडला आणि पाठवलं. दुरुस्ती झाली, पण तोवर पहिली फेरी संपली होती. दुसऱ्या फेरीत मुलीला जे कॉलेज मिळालं ते लांबचं. आता ती पहाटे उठून एसटी गाठते आणि दिवे लागणीला घरी येते. एका न उघडलेल्या लिंकची ही किंमत आहे. म्हणून म्हणतो, विषय छोटा नाही.

ही लिंक नेमकं करते काय?

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. ई-मेलची लिंक दाबल्यावर ई-मेल जात नाही. ती फक्त कोरा कागद पुढे ठेवते, वर पत्ता लिहून देते. मजकूर आपण लिहायचा आणि 'पाठवा' हे बटणही आपणच दाबायचं.

प्रत्येक लिंकच्या पोटात एक पत्ता दडलेला असतो आणि त्या पत्त्याचा पहिला शब्द सांगतो की हे काम कोणाचं. 'एचटीटीपीएस' असेल तर काम ब्राउझरचं, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्सचं. 'टेल' असेल तर फोन लावणाऱ्या अ‍ॅपचं. आणि 'मेलटू' असेल तर काम मेलच्या प्रोग्रामचं. ब्राउझर 'मेलटू' पाहतो आणि कॉम्प्युटरला विचारतो, "तुमच्याकडे मेलचं काम कोणाकडे दिलंय?" कॉम्प्युटर आपली यादी बघतो. यादीत नाव असेल तर तो प्रोग्राम उघडतो. नाव नसेल तर...?

आपल्याला शिक्षकांना हे समजायला अवघड नाही. शाळेत एक पद मंजूर आहे, पण भरलेलं नाही. टपाल येतं, टेबलावर पडतं, उचलायला माणूसच नाही. कोणी नकार देत नाही आणि कोणी कामही करत नाही. रिक्त पदाचा अनुभव आपल्याइतका कोणाला असणार?

पद रिक्त झालं कसं?

यामागे एक छोटासा इतिहास आहे. मुलांना सांगायलाही छान आहे.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाणारा ई-मेल पाठवला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये '@' हे चिन्ह वापरलं. १९९४ च्या इंटरनेट पत्त्यांच्या नियमावलीत 'मेलटू' आला. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. त्या काळी ई-मेल म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवलेला एक प्रोग्राम. मेल त्यातच यायचा, त्यातूनच जायचा. त्यामुळे लिंक दाबली की तो प्रोग्राम उघडणं हे अगदी स्वाभाविक होतं.

मग १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. मेल आता कॉम्प्युटरमध्ये न राहता वेबसाइटवर राहू लागला. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं. आज तुम्ही-आम्ही बहुतेक सगळे ब्राउझरमध्येच जीमेल उघडतो. पण आपण जीमेल वापरतो हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं! त्याच्या लेखी ती एक वेबसाइट, बाकीच्यांसारखीच. मेलच्या कामासाठी त्याच्या यादीत जुन्याच प्रोग्रामचं नाव असतं, नाहीतर कोणाचंच नसतं.

एक योगायोग सांगतो. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. 'मेलटू'चे स्वतंत्र, सविस्तर नियम प्रसिद्ध झाले तेही जुलै १९९८ मध्येच. पुढे २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं आणि लगेच पुढच्या महिन्यात, ऑक्टोबर २०१० मध्ये 'मेलटू'चे सुधारित नियम आले. त्यांत इंग्रजीखेरीज इतर लिपींतला मजकूर लिंकमध्ये कसा घालावा, हेही सांगितलं आहे. म्हणजे नियमांत काही कमी नाही. घोडं अडतं ते आपल्या फोनपाशी आणि टेबलापाशी.

अलीकडे आणखी एक भर पडली. विंडोजमध्ये 'मेल' नावाचं अ‍ॅप असायचं. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ पासून ते बंद केलं आणि त्याच्या जागी नवं आउटलुक आणलं. ज्या कॉम्प्युटरवर मेलचं काम त्या जुन्या अ‍ॅपकडे होतं, तिथं कर्मचारी निवृत्त झाला, पण नव्याने पदभार कोणी घेतलाच नाही. लिंक दाबली की आउटलुकची कोरी खिडकी उघडते आणि म्हणते, 'खाते जोडा'. ते बघून आपला माणूस घाबरून खिडकी बंद करतो. त्याचं काय चुकलं?

दुरुस्ती : पाच मिनिटांचं काम

आता प्रत्यक्ष उपाय. शाळेतल्या कॉम्प्युटरवर आजच करून बघा.

१. आधी तपासा. ब्राउझरमध्ये वर जिथं वेबसाइटचा पत्ता लिहितो, तिथं इंग्रजीत 'मेलटू' लिहा, पुढे कोलन द्या आणि एंटर दाबा. नवं पत्र लिहायची खिडकी उघडली तर सगळं ठीक आहे. काहीच झालं नाही किंवा भलतंच काही उघडलं तर पुढचं वाचा.

२. क्रोम वापरत असाल तर जीमेल उघडा. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एकमेकांवर चढलेल्या दोन चौकटींसारखं एक बारीक चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करून 'अलाऊ' म्हणा. झालं! आता क्रोममधली ई-मेलची लिंक जीमेलमध्ये उघडेल. ते चिन्ह दिसत नसेल तर पूर्वी कधीतरी कोणीतरी नकार दाबलेला असतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'अ‍ॅडिशनल परमिशन्स' आणि त्यात 'प्रोटोकॉल हँडलर्स' इथं जा. साइटना विचारण्याची परवानगी द्या, खालच्या यादीत जीमेल अडवलेलं असेल तर ते काढा आणि जीमेल पुन्हा उघडा.

३. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज उघडून 'जनरल'मध्ये खाली 'अ‍ॅप्लिकेशन्स'ची यादी आहे. त्यात 'मेलटू' शोधा आणि समोर 'यूज जीमेल' निवडा.

४. लिंक वर्डच्या फाइलमध्ये किंवा पीडीएफमध्ये असेल तर एवढ्यानं भागत नाही, कारण तिथं ब्राउझरला कोणी विचारतच नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स', मग 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' इथं जा. विंडोज ११ मध्ये वर शोधायची चौकट आहे, तिच्यात 'मेलटू' लिहा आणि क्रोम निवडा. विंडोज १० मध्ये याच ठिकाणी 'ई-मेल' असा रकाना आहे. दुसरी पायरी आधी केलेली असेल तर क्रोम ते काम जीमेलकडे देईल.

५. अँड्रॉइड फोनवर जीमेल अ‍ॅप बंद करून ठेवलेलं नाही ना आणि त्यात खातं जोडलेलं आहे ना, हे आधी बघा. दुसरंच कुठलं अ‍ॅप उघडत असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपवर जाऊन 'ओपन बाय डिफॉल्ट' मधली जुनी निवड पुसा. पुढच्या वेळी फोन स्वतःच विचारेल. काही अ‍ॅप लिंक स्वतःच्याच आतल्या खिडकीत उघडतात आणि तिथं ई-मेलची लिंक अडते. अशा वेळी तेच पान क्रोममध्ये उघडा.

आणि हे सगळं जमलं नाही तर? मग एकच युक्ती लक्षात ठेवा, ती सगळीकडे चालते. मोबाईलवर लिंकवर बोट दाबून धरा, कॉम्प्युटरवर उजवं क्लिक करा. 'ई-मेल पत्ता कॉपी करा' अशा अर्थाचा पर्याय येतो. पत्ता कॉपी करा, जीमेल उघडा, नव्या पत्रात पेस्ट करा. लिंक गेली उडत! आपल्याला पत्ता हवा होता, तो मिळाला.

पण खरा दोष कोणाचा?

इथपर्यंतचं कोणीही सांगेल. माझं म्हणणं पुढे आहे, आणि ते काहींना आवडणार नाही.

आपल्याकडे असं काही झालं की लगेच म्हणतात, "पालक अडाणी आहेत, त्यांना वापरता येत नाही." नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण वर्गात शिकवतो. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं हो! त्या पालकांनी जे करायला सांगितलं तेच केलं. 'येथे ई-मेल करा' म्हटलं, त्यांनी तिथं दाबलं. एकदा नाही, दोन ठिकाणी. चूक त्यांची नव्हती. चूक त्या पानावर फक्त लिंक ठेवणाऱ्याची होती. पत्ता दिसेल असा लिहिलेला असता तर कॅफेतल्या मुलानेही तो उतरवून घेतला असता.

म्हणून माझं पहिलं सांगणं शाळांना आणि संस्थांना आहे. 'येथे क्लिक करा' एवढंच लिहू नका. ई-मेलचा पूर्ण पत्ता अक्षरांत लिहा, शेजारी फोन नंबर द्या. वाटल्यास लिंकही ठेवा, पण लिंकच्या भरवशावर माणसाला सोडू नका.

यावर कोणी म्हणेल, पत्ता उघडा लिहिला तर नको त्या जाहिरातींचे मेल येतात. खरं आहे. म्हणूनच अनेक सरकारी पानांवर '@' च्या जागी चौकटी कंसात 'अ‍ॅट' आणि टिंबाच्या जागी 'डॉट' असं लिहिलेलं असतं. पण ज्याला हे माहीत नाही तो तसाच्या तसा कंसासकट टाइप करतो आणि मेल परत येतो. शाळेचा पत्ता हा शाळेचा दरवाजा आहे. भटकी जनावरं येतील म्हणून शाळेचा दरवाजा भिंतीत बुजवून टाकत नाहीत. नकोसे मेल वेगळे काढायची सोय मेल सेवेतच असते.

आता स्वतःचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, सर दुसऱ्याला शिकवतात. ते पालक गेल्यावर मी ज्या शाळेत शिकवतो तिची सूचना उघडून बघितली. ती मीच तयार केली होती. त्यातली लिंकही चालत नव्हती! कारण? मराठी कीबोर्ड चालू असताना मी 'मेलटू'नंतर कोलनऐवजी विसर्ग टाइप केला होता. दोन टिंबं दिसायला सारखीच. माणसाच्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण कॉम्प्युटरच्या लेखी विसर्ग हे वेगळंच अक्षर. लिंक तयार करताना आपल्याकडून होणाऱ्या चुका अशाच बारीक असतात. 'मेलटू' हा शब्दच राहून जातो, मग दाबल्यावर 'पान सापडले नाही' असं येतं. कधी पत्त्यामध्ये मोकळी जागा राहते. कधी दोन पत्त्यांच्या मध्ये स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम पडतो. किती पालकांनी ती माझी लिंक दाबली असेल आणि गप्प बसले असतील, कोण जाणे. लिंक टाकल्यावर स्वतः एकदा दाबून बघा, आणि ते दुसऱ्याच्या फोनवर. मी तेवढंही केलं नव्हतं.

'आता ई-मेल कोण वापरतं?'

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतो. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, मग ई-मेल शिकवायचा कशाला?

गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात, हे मान्य. पण प्रवेश, नोकरीचा अर्ज, बँकेची तक्रार, निकालातली दुरुस्ती इथं समोरचा ई-मेलच मागतो. आणि ई-मेलमध्ये आपल्या बाजूचा पुरावा राहतो : कोणाला लिहिलं, कोणत्या तारखेला, किती वाजता, सोबत काय जोडलं. जुन्या माणसांनी पोस्टाची पावती ट्रंकेत जपून ठेवली, ती काय उगाच? गरिबाच्या हातात कागद असला की टेबलापलीकडचा माणूस जरा नीट बोलतो. ज्या मुलांच्या घरी आईवडील वर्षातले काही महिने बाहेरगावी असतात, त्यांना हा कागद स्वतःचा स्वतः तयार करता यायला हवा.

म्हणून माझं दुसरं सांगणं आपल्याला, शिक्षकांना. आपण मुलांना कॉम्प्युटरचे भाग शिकवतो, पूर्ण रूपं पाठ करून घेतो. पण 'दाबलं आणि काहीच झालं नाही तर काय करायचं?' हे शिकवत नाही. आयुष्यात उपयोगी पडतं ते हेच.

आठवीच्या वर्गात मी एक तासिका यासाठी दिली. फळ्यावर चारच प्रश्न लिहिले :

१. दाबल्यावर काय व्हायला हवं होतं?
२. प्रत्यक्षात काय झालं?
३. लिंकशिवाय हेच काम करायची दुसरी वाट कोणती?
४. काम झालं, याचा पुरावा कुठे आहे?

मग मुद्दाम बिघडवलेली एक लिंक दिली. पहिली पाच मिनिटं मुलं एकमेकांकडे बघत राहिली. नंतर एका मुलीनं बोट दाबून धरलं, पत्ता कॉपी केला आणि ओरडली, "सर, सापडला!" बाकीच्यांना मग मला काही सांगावं लागलं नाही, तिनंच सांगितलं. आमच्याकडची बरीच मुलं घरी मावची किंवा भिलोरी बोलतात, शाळेत मराठी, आणि फोन बोलतो इंग्रजी. तीन भाषा ओलांडून ही मुलं त्या निळ्या अक्षरांपर्यंत पोचतात. तिथं पोचल्यावर दार बंद असेल तर ती समजतात की आपल्यालाच येत नाही. हा समज मोडणं हे आपलं काम आहे, कॉम्प्युटरवाल्याचं नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर मी वर्गात भिंतीवर लावलंय : 'पाठवलेले' या कप्प्यात पत्र दिसत नाही, तोवर ते गेलेलं नाही.

पालकहो, तुम्हालाही हेच सांगेन. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं धरून चालू नका. जीमेलमध्ये 'पाठवलेले' किंवा 'सेंट' हा कप्पा उघडून बघा. तिथं पत्र असेल तर निर्धास्त व्हा, नसेल तर त्याच दिवशी शाळेत या. आठ दिवस थांबू नका. विचारायला लाजू नका. तुमच्या मुलाच्या शिक्षकाचीही लिंक चालत नव्हती, हे तुम्ही आत्ताच वाचलंय.

आणि शिक्षक मित्रांनो, एक छोटं काम करा. उद्या शाळेत गेलात की आपल्या शाळेच्या सूचना, प्रवेशाचे फॉर्म, पालकांना पाठवलेल्या पीडीएफ उघडा आणि त्यातली प्रत्येक ई-मेल लिंक एकदा दाबून बघा. न उघडणारी दुरुस्त करा, आणि प्रत्येकीशेजारी पूर्ण पत्ता अक्षरांत लिहा. दहा मिनिटं लागतील.

ती मुलगी परवा एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, "सर, आता बाबा मेल केला की मला पाठवलेल्यात दाखवायला लावतात." बाबा शिकले. आता आपली पाळी.